सांडपाणी प्रकल्प आणि माणसांचं प्रशिक्षण: नगरपरिषदेच्या सभेतून ठराव नेताना

सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा विषय सर्वसाधारण सभेत मंजूर झाला की उरलं ते ठेकेदाराचं काम, असं बाहेरून वाटतं. प्रत्यक्षात सभेआधीची तयारी सभेपेक्षा मोठी असते आणि सभेनंतरची त्याहून मोठी. १ लाखाच्या आत लोकसंख्या असलेल्या एका नगरपरिषदेत हे काम पार पडलं. अशाच एखाद्या नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा किंवा स्वच्छता विभागात कोरी फाईल घेऊन कुणी बसलं असेल, तर त्याला अंदाज यावा म्हणून सगळं क्रमाने लिहिलं आहे. गावाचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. त्याने फरकही पडत नाही, कारण नियम, कागद आणि अडचणी सगळीकडे सारख्याच.

विषयाला गती बहुतेक वेळा कागदाच्या धाकाने येते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २८ ऑगस्ट २०१९ च्या आदेशात, मुदतीनंतरही केंद्र सुरू न केल्यास प्रत्येक केंद्रामागे महिन्याला १० लाख रुपये पर्यावरण भरपाई ठरवली. सप्टेंबर २०२२ मध्ये घनकचरा आणि सांडपाण्याच्या त्रुटींसाठी महाराष्ट्र शासनावर १२,००० कोटी रुपयांची भरपाई लावली. त्यानंतर जिल्हाधिकारी कार्यालयातल्या प्रत्येक आढावा बैठकीत हा विषय येऊ लागला. ही दोन वाक्यं सभेपुढे ठेवायच्या टिपणीच्या पहिल्याच परिच्छेदात घाला. 'आपल्याला याची गरजच काय' हा प्रश्न निम्म्याने कमी होतो.

पैसा कुठून येतो, हे आधी नीट समजून घ्यावं. १ ऑक्टोबर २०२१ रोजी केंद्र सरकारची दोन अभियानं एकत्र सुरू झाली: अमृत २.० आणि स्वच्छ भारत अभियान (नागरी) २.०. अमृत २.० मधला मलनिस्सारणाचा भाग पहिल्या अमृत अभियानातल्या ५०० शहरांपुरता आहे. १ लाखाच्या आतल्या बाकीच्या शहरांना सांडपाण्यासाठी स्वच्छ भारत अभियान (नागरी) २.० मधून पैसा मिळतो. १ लाखाच्या आतल्या शहरांना केंद्र सरकारचा वाटा ५० टक्के, १ ते १० लाख लोकसंख्येसाठी साधारण एक तृतीयांश आणि त्यावर २५ टक्के. उरलेला भार राज्य आणि नगरपरिषद यांच्यात शासन निर्णयाप्रमाणे वाटला जातो. दोन्ही अभियानांची मूळ मुदत २०२५-२६ अखेरपर्यंत होती, तेव्हा नवा प्रस्ताव करणाऱ्यांनी जुन्या फाईलमधले टक्के उतरवून न घेता नगरविकास विभागाचा ताजा निर्णय हातात घ्यावा.

स्वच्छ भारतच्या पैशातून घराघराला जोडणारं भुयारी गटाराचं जाळं होत नाही. नाल्यांचं पाणी अडवणं, वळवणं, उपसणं, केंद्रापर्यंत नेणारी वाहिनी आणि केंद्र, एवढंच त्यात बसतं. जमिनीची किंमत आणि पुढे केंद्र चालवण्याचा खर्च त्यात धरता येत नाही. सगळी गोम या शेवटच्या वाक्यात आहे. बांधायला पैसे आहेत, चालवायला नाहीत. आणि चालवणारी माणसं कुठल्याच लेखाशीर्षात नाहीत.

म्हणून या कामात सुरुवातीपासून एक गोष्ट धरून ठेवली: प्रकल्पाचा निधी आणि माणसांचं प्रशिक्षण हे दोन वेगळे विषय होऊ द्यायचे नाहीत. दोन्ही एकाच टिपणीत, एकाच ठरावात.

मोजमाप: फेब्रुवारी ते मे

सविस्तर प्रकल्प अहवाल, म्हणजे डीपीआर, सल्लागार करतो. पण नाल्याचं पाणी मोजताना आपला माणूस तिथे उभा हवा. टेबलावरचं गणित सोपं आहे: माणशी १३५ लिटर पाणीपुरवठा, त्यातलं ८० टक्के सांडपाणी, म्हणजे माणशी १०८ लिटर. ६०,००० लोकसंख्येला रोजचे ६.४८ दशलक्ष लिटर होतात. यावर जमिनीतून झिरपणाऱ्या पाण्याची भर आणि पुढच्या वाढीव लोकसंख्येची भर घातली की आकडा सहज ९-१० वर जातो. पण गावाला एक दिवसाआड पाणी येत असेल आणि प्रत्यक्षात माणशी ९० लिटरच मिळत असेल, तर नाल्यात ४.३ दशलक्ष लिटरच येणार. अर्ध्या क्षमतेवर चालणारं केंद्र वीज मात्र अर्धी खात नाही. म्हणून स्थापत्य बांधकाम ३० वर्षांसाठी आणि पंप, हवा मारणारे ब्लोअर १५ वर्षांसाठी धरावेत. टाक्याही टप्प्यांत विभागून घ्याव्यात.

मोजायची पद्धत साधी आहे. नाल्यात ९० अंशाच्या खाचेचा पत्रा, म्हणजे व्ही-नॉच, आडवा बसवायचा. खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची मीटरमध्ये घ्यायची, तिचा २.५ घात करून १.३८ ने गुणायचं. येतो तो प्रवाह घनमीटर प्रतिसेकंद. उंची २० सेंटीमीटर असेल तर सेकंदाला सुमारे २४.७ लिटर, दिवसाला २.१३ दशलक्ष लिटर. उंची पत्र्यावर मोजू नये, तिथे पाणी वाकून खाली उतरलेलं असतं. थोडं मागे, संथ पाण्यात पट्टी रोवावी. पत्र्याच्या कडेने पाणी झिरपत असेल तर सगळं मोजमाप फुकट जातं, म्हणून कडा चिकणमातीने आणि पोत्यांनी बंद करून घ्याव्यात. दर तासाला नोंद, पूर्ण २४ तास. शिवाय बाजाराचा दिवस, सुट्टीचा दिवस आणि पाणी न सोडण्याचा दिवस असे तिन्ही हवेत. पहाटेच्या नोंदी घ्यायला कुणी तयार नसतं आणि त्या नोंदी नंतर 'भरल्या' जातात. रात्री २ ते ५ चा प्रवाह कागदावर सपाट रेषेत दिसला तर समजून घ्यावं.

नमुने तासातासाला घेऊन प्रवाहाच्या प्रमाणात एकत्र करावेत. दुपारी एकदाच भरलेली बाटली काही सांगत नाही. बीओडीची, म्हणजे पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना किती ऑक्सिजन लागतो त्याची, चाचणी आपल्याकडे २७ अंश तापमानाला ३ दिवस चालते, त्यामुळे अहवाल त्याआधी मागू नये. डीपीआरमध्ये बीओडी लिटरला २५० मिलिग्रॅम धरलेला असतो. प्रत्यक्षात उघड्या नाल्यात झऱ्याचं, विहिरींचं, गळक्या जलवाहिन्यांचं पाणी मिसळलेलं असतं आणि आकडा शंभराच्या आसपास निघू शकतो. असं पातळ सांडपाणी आलं की टाकीतल्या जिवाणूंना पुरेसं खाद्य मिळत नाही, गाळ तयार होत नाही आणि 'केंद्र चालत नाही' म्हणून ओरड सुरू होते. दोष यंत्राचा नसतो, गृहीत धरलेल्या आकड्याचा असतो.

जमीन आणि तांत्रिक मान्यता

जमीन सर्वांत जास्त वेळ खाते. सातबारा नगरपरिषदेच्या नावावर असणं पुरेसं नाही. विकास योजनेत त्या जागेवर दुसरं आरक्षण असेल, तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली फेरबदल करावा लागतो. त्यात सूचना, हरकती, सुनावणी असं सगळं येतं आणि महिन्यांमागून महिने जातात. मोजणीची फी भरून भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम करून घ्यावी. नंतर कुंपण घालताना शेजारचा शेतकरी बांधावर येऊन उभा राहतो, तेव्हा तीच कामाला येते.

जलसंपदा विभागाकडून पूररेषेचा दाखला घ्यावा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. सांडपाणी उताराने खाली येतं, म्हणून सोयीची जागा नदीकाठीच सापडते आणि नेमकी तीच रेषेत अडकते. अशा वेळी केंद्र वर न्यायचं आणि खाली फक्त उपसा विहीर ठेवायची, असा तोडगा निघतो. पण मग उपशाची उंची वाढते आणि विजेचं बिल आयुष्यभर वाढतं. हिशेब असा: दिवसाला ५ दशलक्ष लिटर म्हणजे सेकंदाला सुमारे ५८ लिटर. १५ मीटर उंची आणि पंप-मोटरची मिळून ६० टक्के कार्यक्षमता धरली तर साधारण १४ किलोवॉट, दिवसाला जवळजवळ ३४० युनिट. उंची ५ मीटरने वाढली की ११० युनिटांहून जास्त भर. हा आकडा सभेत सांगता आला पाहिजे.

तांत्रिक मान्यता महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडून. शुल्क भरावं लागतं आणि ते प्रकल्पाच्या रकमेवर ठरतं, त्यामुळे चालू वर्षाच्या अंदाजपत्रकात आधीच तरतूद हवी. ती नसली तर डीपीआर तयार असूनही फाईल हलत नाही. छाननीत येणारे शेरे ठरलेले असतात: लोकसंख्येचा अंदाज एकाच पद्धतीने काढला आहे, जुन्या दरसूचीचे दर आहेत, दरपृथक्करण, म्हणजे प्रत्येक दराची फोड, जोडलेलं नाही, नाल्याचे तळपातळीचे आकडे आणि नकाशा जुळत नाहीत. शेऱ्यांची उत्तरं सुटी पाठवू नयेत. सगळ्या शेऱ्यांचा एकच तक्ता करून, प्रत्येकासमोर पान क्रमांक घालून पाठवली तर फेऱ्या वाचतात. या काळात वैताग येतो, प्रत्येक वेळी फाईल नव्याने वाचणारा वेगळा असतो. त्याला इलाज नाही. पाठपुरावा करणारा आपला माणूस मात्र एकच ठेवावा.

पाणी किती शुद्ध करायचं, हाही प्रश्न इथेच सुटतो. पर्यावरण मंत्रालयाच्या १३ ऑक्टोबर २०१७ च्या अधिसूचनेत महानगरं वगळता इतरत्र बीओडी ३० आणि तरंगते घनपदार्थ १०० अशी मर्यादा आहे. हरित न्यायाधिकरणाने ३० एप्रिल २०१९ च्या आदेशात ती बीओडी १० आणि घनपदार्थ २० पर्यंत खाली आणली. आराखडा १० वरच करावा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची उभारणीची संमती बांधकामाआधी लागते. तिच्यात जो आकडा येईल तो नंतर कमी करून मिळत नाही.

प्रशिक्षणाची टिपणी

माणसांचा हिशेब इथे पहिल्यांदा मांडला. केंद्र आठवड्याचे १६८ तास चालतं, एक माणूस ४८ तास काम करतो. म्हणजे एका जागेला साडेतीन माणसं, रजा धरून चार. उपसा विहिरीजवळ कुणी कधीही एकटं असता कामा नये, म्हणून एका पाळीत दोघं: एकूण आठ चालक. वर एक रसायनतज्ज्ञ, एक वीज-यांत्रिक दुरुस्तीचा माणूस, एक केंद्रप्रमुख. मंजूर आकृतिबंधात ही पदं सहसा नसतात आणि नवीन पदांना शासनाची मान्यता मिळणं अवघड. म्हणून ठेकेदाराकडे ५ वर्षं चालवणं-देखभाल आणि त्याच्यासोबत आपली माणसं शिकत राहणं, हा व्यवहार्य मार्ग.

शिकवायचं कुणाला? तीन गट पडतात. पहिला, चालक. आयटीआयचे इलेक्ट्रिशियन, फिटर किंवा अटेंडंट ऑपरेटर (केमिकल प्लांट) हे ट्रेड इथे चालतात. अप्रेंटिस म्हणून घेतल्यास राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेतून विद्यावेतनाचा २५ टक्के, कमाल १,५०० रुपये महिना, वाटा केंद्र सरकारकडून मिळतो. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत आयटीआय किंवा पदविकाधारकाला महिन्याला ८,००० रुपये विद्यावेतन राज्य देतं. आकर्षक वाटतं, पण मुदत संपली की तो मुलगा जातो. त्याच्या भरवशावर पाळी लावू नये. पाळीवरच्या पक्क्या माणसासोबत जादा हात म्हणून तो ठीक.

दुसरा गट, आपले जुने सफाई कामगार आणि गटार पथक. हा गट टिपणीतून नेहमी गळतो. २०१३ च्या हाताने मैला उचलण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या कलम ७ प्रमाणे गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये माणूस धोकादायक रीतीने उतरवता येत नाही. पहिल्या गुन्ह्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गटारातल्या मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली. उपसा विहीर ही त्याच जातीची जागा. त्यामुळे चार वायूंचा मीटर (ऑक्सिजन, हायड्रोजन सल्फाइड, कार्बन मोनॉक्साइड, ज्वलनशील वायू), तिपाई-हार्नेस, हवा मारणारा ब्लोअर ही साधनं आणि ती वापरण्याचा सराव अंदाजपत्रकातच धरावा. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांखाली गेला किंवा हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमवर गेला की झाकणाजवळूनही मागे यायचं, हे तोंडी सांगून भागत नाही, मीटर हातात देऊन करून घ्यावं लागतं. केंद्र सरकारच्या नमस्ते योजनेत या कामगारांची नोंदणी, सुरक्षा साधनं आणि आयुष्मान कार्ड मिळतं. नोंदणी आधी करून घेतली तर खरेदीचा काही भार उतरतो.

तिसरा गट अभियंते आणि लेखापाल. जीवन प्राधिकरणाची नाशिकची मित्रा ही प्रशिक्षण संस्था आणि पुण्याची यशदा ही त्यासाठी हक्काची ठिकाणं.

कधी शिकवायचं हे जास्त महत्त्वाचं. चाचणीच्या आठवड्यात दिलेलं प्रशिक्षण वाया जातं. टाक्या उभ्या राहत असताना, नळ जमिनीत पुरण्याआधी चालक तिथे हवेत. कोणता व्हॉल्व्ह कुठल्या नळावर आहे हे मातीखाली गेल्यावर नकाशावरूनही नीट कळत नाही. निविदेत तशी अट घातली: यंत्रं बसण्याच्या टप्प्यापासून नगरपरिषदेच्या माणसांना जागेवर शिकवणं, मराठीत चालन पुस्तिका, प्रत्यक्ष उभारणीप्रमाणे नकाशे. आणि हे झाल्याशिवाय शेवटच्या बिलातली ठरावीक रक्कम मिळणार नाही. रकमेशी न बांधलेली अट कुणी पाळत नाही.

सभा

महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियम, १९६५ प्रमाणे सर्वसाधारण सभेची नोटीस पूर्ण सात दिवस आधी लागते, विशेष सभेची तीन दिवस आधी. नोटिशीचा आणि सभेचा दिवस त्यात धरत नाहीत. यात चूक झाली की नंतर कुणीही तक्रार करू शकतो आणि कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी ठराव स्थगित करू शकतात. बऱ्याच नगरपरिषदांत निवडणुका होईपर्यंत प्रशासक होते, त्यांच्या काळातले ठराव एका सहीवर झाले. नवे सदस्य ते पुन्हा उघडून बघतात. बघू द्यावेत.

विषयपत्रिकेत 'आयत्या वेळचे विषय' म्हणून हा विषय कधीही आणू नका. टिपणी सदस्यांना नोटिशीसोबत द्या आणि मोजमापाचा तक्ता, जागेचा नकाशा, पाच वर्षांचा चालवण्याचा खर्च अशी तीनच पानं वर लावा. दोनशे पानांचा डीपीआर कुणी वाचत नाही. सभेआधी गटनेत्यांना नाल्यावर नेऊन जागा दाखवली तर सभागृहात आवाज कमी होतात.

येणारे प्रश्न जवळपास ठरलेले. 'आमच्या प्रभागात गटार कधी?' याला खरं उत्तर द्यावं: या निधीत घरजोडण्या नाहीत, त्यांचा प्रस्ताव राज्याच्या नगरोत्थान योजनेतून वेगळा करावा लागेल. खोटं आश्वासन इतिवृत्तात जातं आणि पुढच्या सभेत परत येतं. 'वास येणार का?' टाकीत हवा पुरेशी असेल तर मुख्य टाकीला वास येत नाही. येतो तो उपसा विहिरीला, जाळीवरच्या कचऱ्याला आणि साठलेल्या गाळाला. म्हणून जाळीचा कचरा रोज उचलणं आणि गाळासाठी वाळवण्याच्या वाफ्यांसोबत यंत्र, कारण पावसाळ्यात वाफे सुकत नाहीत. 'शुद्ध केलेल्या पाण्याचं काय?' नागपूर महापालिकेचं प्रक्रिया केलेलं पाणी कोराडी वीज केंद्राला जातं, हे उदाहरण राज्यात सर्वांना ठाऊक आहे. लहान गावाला एवढा मोठा गिऱ्हाईक नसतो. बागा, बांधकामं, टँकर आणि जवळचा एखादा कारखाना एवढ्यावरच हिशेब मांडावा, डीपीआरमधला उत्पन्नाचा फुगवलेला आकडा सभेत वाचू नये.

मग वीजबिल. महावितरणच्या दरपत्रकात सार्वजनिक पाणीपुरवठा आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रांचा वेगळा गट आहे. जोडणीचा अर्ज त्याच गटात करावा आणि पहिल्याच बिलावर गट तपासावा. वर्षाचा खर्च दाखवताना वीज, माणसं, क्लोरीन, गाळ, प्रयोगशाळा, दुरुस्ती, जनरेटरचं डिझेल अशी फोड करावी आणि शेवटी मालमत्तेमागे किती ते सांगावं. समजा वर्षाला ९० लाख रुपये आणि १५,००० मालमत्ता, तर मालमत्तेमागे महिन्याला ५० रुपये. हा आकडा ऐकल्यावर सभागृह शांत होतं. कराचा विषय कुणालाच आवडत नाही, पण मोठ्या रकमेपेक्षा ५० रुपयांवर निदान चर्चा होऊ शकते. पंधराव्या वित्त आयोगाच्या बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांपुरत्याच, अनुदानात स्वच्छता आणि पाणी हे दोन्ही भाग होते, म्हणून 'तिथून चालवू' अशी सूचना हमखास येते. आयोगाचं अनुदान ठरावीक वर्षांचं असतं, केंद्र तीस वर्षं चालवायचं आहे, एवढं उत्तर पुरतं.

खरी खेच झाली ती प्रशिक्षणाच्या ओळीवर. एका बाजूने सूर आला, 'साहेब, ठेकेदार चालवणार आहे ना, मग आपल्या माणसांना कशाला शिकवायचं?' दुसऱ्या बाजूने, 'यातली पोरं आमच्या प्रभागातली घेणार का?' तिसरा सूर अभ्यास दौऱ्याचा, त्यात सदस्यही हवेत असा. पहिल्याला उत्तर: पाच वर्षांनी ठेकेदार गेला की चाव्या कुणाच्या हातात द्यायच्या? आणि तोवर त्याने आणलेली चाचणीची पानं खरी की खोटी हे ओळखणार कोण? दुसऱ्याला: शैक्षणिक अर्हता आणि जाहीर निवड, प्रभाग नाही. तिसऱ्याला: दौरा वेगळ्या विषयाने, वेगळ्या लेखाशीर्षातून. प्रशिक्षणाच्या रकमेत दौरा शिरला की लेखापरीक्षणात संपूर्ण ओळच आक्षेपात जाते. 'प्रशिक्षण पुढच्या वर्षी बघू' अशी उपसूचना आली, तेव्हा दोन्ही गोष्टी एकाच ठरावात असल्याचा उपयोग झाला. एक वगळायची तर संपूर्ण ठराव बदलावा लागला असता.

ठरावाच्या शब्दांकडे डोळ्यांत तेल घालून बघावं. त्यात हे सगळं स्पष्ट हवं: प्रकल्पाची एकूण किंमत, नगरपरिषदेचा हिस्सा आणि तो कुठल्या लेखाशीर्षातून, जागेचा सर्व्हे नंबर, चालवण्या-देखभालीच्या खर्चाची हमी, प्रशिक्षणाची रक्कम आणि कालावधी, मुख्याधिकाऱ्यांना करार करण्याचे अधिकार. सूचक-अनुमोदकांची नावं आणि मतदान झालं असेल तर बाजूने-विरोधात किती. 'सर्वानुमते' आणि 'बहुमताने' यांची सरमिसळ मंत्रालयातून शेऱ्यासह परत येते. इतिवृत्त कायम होण्याआधी ठरावाची प्रत लागणार असेल, तर तशी नोंद ठरावातच करून घ्यावी.

सभेनंतर

प्रस्ताव जिल्हा प्रशासनामार्फत नगरपरिषद प्रशासन संचालनालयाकडे आणि तिथून राज्याच्या उच्चाधिकार समितीपुढे जातो. समितीची बैठक कधी होईल हे आपल्या हातात नाही. हा सर्वांत लांब आणि सर्वांत निष्क्रिय काळ. आचारसंहिता लागली तर आणखी लांबतो. या काळात वीजजोडणीचा अर्ज, प्रदूषण मंडळाची संमती, झाडतोडीची परवानगी आणि रस्ता ओलांडण्यासाठी बांधकाम विभागाची ना हरकत ही कामं उरकून घ्यावीत. प्रशासकीय मान्यतेनंतर निविदा.

पैसे हप्त्यांनी येतात. अमृत २.० मध्ये केंद्र सरकारचे हप्ते २०, ४० आणि ४० टक्के असे. पुढचा हप्ता उपयोगिता प्रमाणपत्राशिवाय मिळत नाही, आणि प्रमाणपत्रातला खर्च, बँक खात्यातली शिल्लक, मोजमाप पुस्तक हे तिन्ही जुळावे लागतात. व्याजाची रक्कम वेगळी दाखवावी. लेखापालाला प्रशिक्षणाच्या तिसऱ्या गटात घेतलं होतं ते यासाठीच.

चाचणीचा काळ चालकांची परीक्षा घेतो. एसबीआर पद्धतीत भरणं-हवा देणं, निवळणं, वरचं पाणी काढणं हे एकाच टाकीत पाळीपाळीने होतं. पडद्यावर सगळं आपोआप दिसतं, त्यामुळे चालक पडद्यासमोर बसून राहतो. त्याला टाकीवर पाठवायचं. एक लिटरच्या नळीत टाकीतलं पाणी भरून अर्धा तास ठेवायचं आणि गाळ किती मिलिलिटरवर बसतो ते बघायचं. ३०० मिलिलिटरवर बसला आणि गाळाचं प्रमाण लिटरला ३,००० मिलिग्रॅम असेल तर गाळ बसण्याचा निर्देशांक १०० येतो, उत्तम. १५० च्या वर गेला तर गाळ फुगतोय. हवा कमी पडतेय किंवा जुना गाळ काढला जात नाही. विरघळलेला ऑक्सिजन १ ते २ मिलिग्रॅमवर राखायचा. तो ४ वर असेल तर पाण्यात हवा नव्हे, वीजबिल विरघळतंय.

पावसाळ्यात नाल्याला पूर आला की गाळ, वाळू, प्लास्टिक एकदम येतं. वळवणीच्या जागी जादा पाणी परस्पर पुढे जाईल असा सांडवा आणि मागे बंद करता येणारं दार नसेल तर विहीर वाळूने भरते, पंपाचे पंखे झिजतात आणि टाकीतला महिनाभर वाढवलेला जिवाणूंचा गाळ धुऊन जातो. दार कुणी, किती पातळीला बंद करायचं, हे पाळीच्या फलकावर आकड्यात लिहून ठेवावं.

नोंदवहीत दर पाळीला एवढं हवं: आलेलं पाणी, वीज मीटर, ऑक्सिजन, अर्ध्या तासाचा गाळ, काढलेला गाळ, क्लोरीन. ५ दशलक्ष लिटरला लिटरमागे ३ मिलिग्रॅमप्रमाणे दिवसाला १५ किलो क्लोरीन लागतो. महिन्याच्या खरेदीचा आकडा याच्याशी ताडून बघावा, बऱ्याच गोष्टी तिथेच कळतात. महिन्यातून एकदा ठेकेदाराला न सांगता नमुना घ्यायचा, दोन बाटल्या: एक त्याच्या प्रयोगशाळेला, एक मान्यताप्राप्त बाहेरच्या. दोन्ही अहवाल शेजारीशेजारी लावून देयकाच्या फाईलला जोडायचे आणि मगच देयक लेखा विभागाकडे पाठवायचं.